ती ओळ कोणाची?

१९ एप्रिल २०२४, शुक्रवार. आमच्या टीमचा स्टँडअप रोज सकाळी साडेनऊला असतो. काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडकलो आहोत, एवढंच सांगायचं आणि कामाला लागायचं. त्या दिवशी मात्र दोघींचे कॅमेरे बंद होते आणि दोघीही नुसतं ‘नो अपडेट्स’ म्हणून गप्प झाल्या. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा मध्यरात्रीचे बारा वाजले होते आणि टेलर स्विफ्टचा ‘द टॉर्चर्ड पोएट्स डिपार्टमेंट’ हा अल्बम नुकताच आला होता. दोन तासांनी, म्हणजे आपल्याकडे साडेअकराला, कळलं की तो अर्धाच होता. आणखी पंधरा गाणी आली. एकूण ३१. स्पॉटिफायवर एका दिवसात ३० कोटींहून अधिक वेळा ऐकला गेलेला हा पहिला अल्बम.

जेवायच्या वेळेपर्यंत आमच्या टीममध्ये एक एक्सेल शीट फिरू लागली होती. तीन रकाने होते : गाणं, कोणाबद्दल, पुरावा. टेलर आणि अभिनेता जो अल्विन यांचं सहा वर्षांहून जास्त टिकलेलं नातं आदल्या वर्षी संपलं होतं, त्यामुळे सगळा अल्बम त्याच्यावरच असणार असं सगळ्यांनी धरलं होतं. पण शीट भरत गेली तशी बरीच गाणी मॅटी हीली नावाच्या दुसऱ्या गायकाच्या रकान्यात जाऊ लागली. ‘पुरावा’ या रकान्यात काय काय होतं म्हणता! टाइपरायटर, एखादं शहर, कोणाची तरी सिगरेट. आम्ही प्रॉडक्शनमधला बग शोधताना इतके कष्ट घेत नाही.

मी हसत होतो, पण माझं हसू फार खरं नव्हतं. त्याच्या दीड महिना आधी मला एक मेसेज आला होता आणि त्याला अजून मी धड उत्तर दिलं नव्हतं.

मी गिटार वाजवतो. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षात हॉस्टेलवर शिकलो. चार कॉर्ड येतात, पाचवा येतो असं मी सांगतो. दोन वर्षांपूर्वी माझं नातं तुटलं. चार वर्षांचं होतं. जात, घरचे, अमेरिका असं काही कारण नव्हतं. आम्ही दोघं हळूहळू एकमेकांशी बोलायचे थांबलो आणि एक दिवस ते तिने मोठ्याने म्हटलं, इतकंच. मग मी तेच केलं जे माझ्यासारखी मुलं करतात. गाणं लिहिलं. कोथरूडमधल्या एका कॅफेत दर पंधरा दिवसांनी ओपन माइक असतो, तिथे ते गायलो. मित्राने व्हिडिओ काढला, मी रील टाकलं. माझ्या आधीच्या रील्सना सव्वाशे-दीडशे व्ह्यूज असायचे, त्यात आईचे चार. याला पहिल्या आठवड्यात ४१ हजार आले.

गाण्याच्या तिसऱ्या कडव्यात एक ओळ होती. ती आली की कॅफेत कोणीतरी ‘आह’ म्हणायचं. कमेंटमध्ये लोक तीच ओळ लिहायचे आणि पुढे तुटलेलं हृदय टाकायचे. खरं सांगायचं तर बाकी गाणं साधारण होतं. ती ओळ होती म्हणून गाणं होतं.

ती ओळ तिची होती. एका रात्री, आम्ही अजून एकत्र असताना, तिने मला तिच्या घरातली एक गोष्ट सांगितली होती. आमच्या नात्याशी तिचा काही संबंध नव्हता. ती ज्या शब्दांत म्हणाली होती, जवळजवळ त्याच शब्दांत मी ती गाण्यात ठेवली होती. ती ओळ मी इथे लिहिणार नाही, का ते सांगायला नको. हा लेख पाठवण्याआधी तिला वाचायला दिला. तिने दोन ठिकाणी खूण केली. त्या दोन गोष्टी आता यात नाहीत.

तिचा मेसेज असा होता : ‘गाणं चांगलं झालंय. राहू दे. फक्त ती एक ओळ काढशील? ती तुझी नाही.’

मी लगेच लिहिलं, ‘मी तुझं नाव कुठे घेतलंय?’ ती म्हणाली, ‘माझ्या मावशीला नावाची गरज पडली नाही.’

नाव न घेणं हे फार मोठं संरक्षण आहे असं मला तोवर प्रामाणिकपणे वाटायचं. पण नाव कोणासाठी लपवलेलं असतं? ४१ हजार अनोळखी लोकांसाठी. त्यांना तसाही काही फरक पडत नव्हता. ज्या पन्नासेक माणसांमध्ये तिला जगायचं आहे, लग्नाकार्याला जायचं आहे, त्यातल्या प्रत्येकाला ती ओळ कोणाची ते पहिल्याच वेळी कळलं. टेलर स्विफ्टचं उलट आहे. तिथे अनोळखी लोकच शीट घेऊन बसलेले असतात. पण माणसाची सुटका दोन्हीकडे नाही.

म्हणून त्या शुक्रवारी माझं लक्ष ‘कोणाबद्दल’ या रकान्यावरच अडकलं. त्या रकान्यातली माणसं घरी बसून काय करत असतील?

अल्बमसोबत टेलरने एक छोटं टिपण प्रसिद्ध केलं होतं. त्याचा आशय असा की आयुष्यातला हा काळ संपला, आता कोणावर सूड उगवायचा नाही, आणि आपली सगळ्यात दुःखी गोष्ट एकदा सांगून टाकली की आपण तिच्यातून मोकळे होतो. मला हे पटतं. मी ते अनुभवलं आहे. कॅफेतून त्या रात्री घरी येताना मला कित्येक महिन्यांनी हलकं वाटलं होतं. प्रश्न असा आहे की गोष्ट दोघांची असेल, तर माझ्या मोकळं होण्याचं ओझं कुठे जातं? ते हवेत विरतं असं मी धरून चाललो होतो.

टेलरच्या २०१०च्या ‘स्पीक नाऊ’ अल्बममध्ये ‘डिअर जॉन’ नावाचं गाणं आहे. कोणाबद्दल ते तिने अधिकृतपणे सांगितलेलं नाही, पण शीर्षकच इतकं बोलकं आहे की जॉन मेयरने २०१२मध्ये ‘रोलिंग स्टोन’ला मुलाखत देताना ते स्वतःवर घेतलं आणि आपला अपमान झाला, असं करणं हलकेपणाचं आहे, असं म्हणाला. (ज्या माणसाने सगळी कारकीर्द स्वतःच्या प्रेमभंगांवर उभी केली त्याने हे म्हणावं, याची मला तेव्हा गंमत वाटली होती.) त्या नात्याच्या वेळी ती एकोणीस-वीस वर्षांची होती, तो बत्तिशीचा. ताकद त्याच्याकडे होती, आणि ते गाणं म्हणजे एका मुलीचं उलट बोलणं होतं. मला त्यात काही गैर दिसत नाही.

पण गाणं तिथेच थांबत नाही. १३ वर्षांनी तिने तोच अल्बम पुन्हा रेकॉर्ड केला. तोवर ती जगातली सगळ्यात मोठी गायिका होती आणि तिच्यामागे तिच्या एका शब्दावर कोणाचंही इन्स्टाग्राम जाळून टाकणारी फौज होती. जून २०२३मध्ये मिनियापोलिसच्या कार्यक्रमात हे गाणं कित्येक वर्षांनी गाण्याआधी तिने चाहत्यांना विनंती केली : अल्बम येतोय तो तुम्ही माझी बाजू घेऊन इंटरनेटवर कोणाला झोडपावं म्हणून नाही. मग गाणं गायलं. काहींना हा दुटप्पीपणा वाटला. मला नाही वाटत. तिला बहुधा कळलं होतं की गाणं तेच असलं तरी ते आता वेगळ्या उंचीवरून खाली पडणार आहे. एकोणीस वर्षांच्या मुलीने मारलेला दगड आणि स्टेडियममधून साठ हजार लोकांनी मारलेला तोच दगड, यात फरक आहे.

गिटमध्ये ‘ब्लेम’ नावाची एक कमांड असते. कोडची कुठली ओळ कोणी, कधी लिहिली ते ती सांगते. का लिहिली ते सांगत नाही, आणि तो माणूस आज काय लिहिल तेही नाही. गाण्याचंही तसंच आहे. लिहिलं त्या रात्री खरं असतं. पुढे माणसं बदलतात, गाणं तसंच राहतं आणि प्रत्येक वेळी वर्तमानकाळात वाजतं.

माझा एक मित्र म्हणतो की हा सगळा प्रश्नच पाश्चात्त्य आहे. आपल्याकडे तो उद्भवत नाही, कारण आपल्याकडे कामाची वाटणी असते. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. आमच्या बाबांकडे अरुण दाते यांच्या कॅसेट होत्या. पाडगावकरांनी लिहिलेलं, यशवंत देवांनी चाल दिलेलं आणि दात्यांनी गायलेलं ते भातुकलीचं गाणं घ्या. मराठीतलं इतकं लाडकं प्रेमभंगाचं गाणं दुसरं क्वचितच असेल. पण त्यात मन कोणाचं मोडलंय? कवीचं, संगीतकाराचं, की गायकाचं? कोणी विचारत नाही. तिघांच्या मध्ये ते दुःख असं काही वाटलं जातं की कोणाच्याच दारात जाऊन पडत नाही. बाबा ते ऐकताना स्वतःचं काहीतरी आठवत असावेत, पण आईला त्यांच्यावर संशय घ्यायला जागा नव्हती.

मात्र आपल्याकडे स्वतः रचून स्वतः गाणारं कोणी नव्हतं हे त्याचं म्हणणं चूक आहे. माझी आजी वाळवा तालुक्यातली. ती जात्यावर बसून ओव्या म्हणायची. गी पॉइतवँ आणि हेमा राइरकर यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांत सासू आहे, सवत आहे, मारणारा नवरा आहे, न बोलावणारा भाऊ आहे. म्हणजे आपल्याकडच्या पहिल्या सिंगर-साँगरायटर पहाटे चारला दळण दळत होत्या. आणि ज्यांच्याबद्दल गायचं ती माणसं कुठे होती? भिंतीपलीकडे, त्याच घरात. आजी सांगायची की सासूला ऐकू जाईल अशा बेताने काही ओव्या म्हटल्या जायच्या. सासूही जात्यावर बसलेली असेल तर तिची ओवी तयार असायची.

हे ऐकल्यावर मला फ्लीटवूड मॅक हा बँड आठवला. १९७७चा त्यांचा ‘रूमर्स’ हा अल्बम केला तेव्हा स्टीव्ही निक्स आणि लिंडसे बकिंगहॅम यांचं नातं तुटलं होतं, आणि दोघं त्याच बँडमध्ये होते. त्याने तिच्याबद्दल ‘गो युअर ओन वे’ लिहिलं. त्यातली एक ओळ तिला साफ खोटी आणि लागणारी वाटली. तिने ती काढायला सांगितलं, त्याने काढली नाही. पुढे वर्षानुवर्षं तिला त्या गाण्यात मागून सूर द्यावा लागला. तिने ‘ड्रीम्स’ लिहिलं, त्यात त्याने गिटार वाजवली. क्रूर आहे हे. पण एका अर्थाने हिशेब स्वच्छही आहे. दोघांपुढे माइक होता. ज्याच्याबद्दल गायचं तो समोर उभा होता आणि उलट गाऊ शकत होता.

माझ्या रीलमध्ये ती कुठे होती? तिला गाता येत नाही. तिला रील टाकायला आवडत नाही. आणि त्या ओळीला उत्तर द्यायचं तर तिला ती गोष्ट आणखी उघडी करावी लागली असती.

उत्तर देण्याचा हक्क नसेल तर निदान वाटा तरी द्यावा, असाही एक विचार आहे, आणि तो प्रत्यक्षात आलेला आहे. मार्विन गे आणि अ‍ॅना गॉर्डी यांचा घटस्फोट १९७७मध्ये झाला. मार्विनकडे पैसे उरले नव्हते. तडजोड अशी झाली की त्याच्या पुढच्या अल्बमच्या उत्पन्नातून अ‍ॅनाला ६ लाख डॉलर मिळतील. मार्विनने आधी ठरवलं की पाट्या टाकायच्या, कसाबसा एक अल्बम करून द्यायचा. पण स्टुडिओत बसल्यावर तो त्यात ओढला गेला आणि त्याच लग्नाची आणि त्याच घटस्फोटाची अख्खी कथा त्याने दोन रेकॉर्ड भरून गायली. शीर्षक ‘हिअर, माय डिअर’. घे बाई, तुझे पैसे. एका गाण्याच्या शीर्षकात तर अ‍ॅनाचं नाव आहे. कंपनी होती मोटाउन, जी अ‍ॅनाच्या सख्ख्या भावाची. डिसेंबर १९७८मध्ये अल्बम आला. अ‍ॅनाने खासगीपणाचा भंग म्हणून दावा लावण्याचा विचार केला, पण लावला नाही. अल्बम तेव्हा फार चालला नाही. आज तो त्याच्या उत्तम कामांत धरतात.

मी हा अल्बम एका रविवारी सलग ऐकला. जितका सुंदर तितकाच अस्वस्थ करणारा. आपल्याच बदनामीचं मानधन मिळालेली बाई ते पैसे कशावर खर्च करते? पैशांनी मालकीचा प्रश्न सुटत नाही, एवढं तरी त्यातून मला कळलं. माझ्या रीलमधून एक रुपयाही आला नव्हता, म्हणून मी त्या बाबतीत स्वच्छ असल्याचा जो समज होता, तोही गेला.

आता माझा बचाव. मला तो पूर्ण सोडायचा नाही. जे माझ्यासोबत घडलं ते सांगायचा हक्क मला आहेच. तो नसेल तर जगातलं निम्मं साहित्य आणि पाऊण संगीत बंद करावं लागेल. आणि ‘आपल्यातलं आपल्यातच राहू दे’ हे वाक्य आपल्याकडे कोणी कोणाला गप्प बसवायला वापरलं आहे ते आपल्याला माहीत आहे. आजीने जात्यावर जे गायलं ते घरातलं घरातच ठेवायचं ठरवलं असतं तर ते दुखणं तिच्याबरोबरच गेलं असतं. मारणारा नवरा ‘बाहेर सांगू नकोस’ म्हणतो तेव्हा तो विश्वासाने काही सोपवत नसतो, तो तोंड दाबत असतो. अशा गुपिताचं कोणावरही बंधन नाही.

हाच युक्तिवाद मी तिच्यावर वापरला. मी तिला लिहिलं, ‘तू माझा आवाज दाबते आहेस.’ तो मेसेज अजून फोनमध्ये आहे आणि मी तो मुद्दाम डिलीट केलेला नाही.

कारण तिने मला गप्प बसवलंच नव्हतं. ‘गाणं राहू दे’ असं ती पहिल्याच वाक्यात म्हणाली होती. तिने सोडून दिलं, ती थंड होती, ती फोन उचलायची नाही, हे सगळं त्या गाण्यात होतं आणि यातल्या एकाही गोष्टीवर तिने बोट ठेवलं नाही. माझं दुःख तिने मला पूर्ण दिलं होतं. मागितलं फक्त तिचं. आमच्या भाषेत सांगायचं तर त्या रात्री तिने मला वाचायची परवानगी दिली होती, आणि मी ती फाइल पब्लिक केली.

कांट म्हणतो की माणसाला निव्वळ साधन म्हणून वापरू नये. कॉलेजात मानव्यविद्येचा एक ऐच्छिक पेपर होता, त्यात हे दोन मार्कांना होतं. ‘निव्वळ’ या शब्दावर तेव्हा लक्ष गेलं नाही. आपण एकमेकांना वापरतोच. मी तिचा आधार म्हणून वापर केला, तिने माझा. पण ती ओळ लिहिताना मी तिचा विचार केला होता का? मी मात्रा मोजत होतो. यमक जुळलं तेव्हा मला आनंद झाला होता. त्या क्षणी ती माझ्यासाठी माणूस नव्हती, सामग्री होती. आणि ‘ही कला आहे’ हे कारण मला कॅफेतल्या टाळ्यांनंतर सुचलं, आधी नाही.

कोणी म्हणेल, मग काय, सगळं गुळमुळीत करून टाकायचं? खरी, टोचणारी गोष्ट गाळली तर गाण्यात उरतं काय? इथे मला जोनी मिचेलचा ‘ब्लू’ आठवतो. जून १९७१. इतका उघडा अल्बम त्याआधी कोणी केला नव्हता; क्रिस क्रिस्टोफरसनने तो ऐकून तिला, काहीतरी स्वतःकडेही ठेव, असं सुचवलं होतं. पण गंमत अशी की तिने ठेवलं होतं. त्यात ‘लिटल ग्रीन’ नावाचं गाणं आहे. विशीत, एकटी आणि कफल्लक असताना तिला मुलगी झाली होती आणि ती तिने दत्तक देऊन टाकली होती. ते गाणं त्या मुलीसाठी आहे. सगळं त्यात आहे, आणि तरी वीसेक वर्षं लाखो ऐकणाऱ्यांना काही कळलं नाही. तेव्हाच्या एका समीक्षकाने तर या गाण्याचा अर्थच लागत नाही म्हणून नाक मुरडलं होतं. पुढे १९९०च्या दशकात एका जुन्या ओळखीच्या व्यक्तीने ती गोष्ट वृत्तपत्राला विकली, आणि १९९७मध्ये मायलेकी भेटल्या.

म्हणजे ऐकणाऱ्याला दुखतं, पण कुठे बोट ठेवायचं ते त्याला सापडत नाही, असं गाणं लिहिता येतं. त्याला जोनी मिचेल असावं लागतं, ही अडचण आहेच. माझ्याकडे चार कॉर्ड.

मी जूनमध्ये रील काढलं. तिच्या मेसेजनंतर तीन महिन्यांनी. इतका वेळ का लागला याचं मला पटेल असं कारण सापडलेलं नाही. बहुधा ४१ हजार हा आकडा. ती ओळ बदलून पाहिली, सात-आठ पर्याय लिहिले. सगळे मेलेले होते. शेवटी तिथे काहीच ठेवलं नाही. तिसऱ्या कडव्यात ती जागा आली की गायचं थांबायचं आणि ई मायनर, सी, दोन बार नुसते वाजवायचे. मी तिला तसं रेकॉर्ड करून पाठवलं. तिने ‘ठीक’ एवढंच लिहिलं. आम्ही मित्र वगैरे झालेलो नाही.

ऑगस्टमध्ये पुन्हा त्याच कॅफेत गेलो. बाहेर धो-धो पाऊस, आत पंचवीसेक माणसं, ओल्या छत्र्या दाराशी. गाणं सुरू केलं. दुसरं कडवं संपलं, तिसरं आलं. ती जागा आली आणि मी थांबलो. ई मायनर.

समोरच्या टेबलावर दोन मुली बसल्या होत्या. मी त्यांना ओळखत नव्हतो. मी विसरलो असं वाटून, मला मदत म्हणून, त्यांनी हसत हसत ती ओळ म्हटली. शब्द न् शब्द बरोबर. मागून आणखी दोघातिघांनी साथ दिली.

मी सी कॉर्डवर गेलो आणि दोन बार पूर्ण होईपर्यंत वाजवत राहिलो.